चुन्याच्या रेघा

सगुणा मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मालू आता गोड गोड बोलते. ती माझ्या भावाची, नाथाची बायको. आमचं माहेर कळव्याचं, खाडीला लागून. मोठ्या भरतीला पाणी परसापर्यंत येतं. आणि ही आली खडवलीहून. तिचा बाप तिथल्या नदीवर गळ टाकून बसायचा. लग्न होऊन आली तेव्हा होडीत पाय टाकायला घाबरली, तर सगळी आळी हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. माझं तोंडच तसलं आहे. डोंबिवलीच्या मासळी बाजारात मी टोपली घेऊन बसते, तिथे कुणालाही विचारा. बोंबील दाबून बघून, नाक मुरडून जो पुढे गेला तो पुन्हा त्या रस्त्याने येत नाही.

नाथा माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी त्याला कडेवर घेऊन भाकऱ्या थापल्या, कडेवर घेऊन पाणी भरलं. माझं लग्न ठरलं तेव्हा तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं सगळं मला कळतं असं मला वाटायचं. बायको काय, मागून आलेली.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तो धक्क्यावर जाळं शिवत बसलेला असताना त्याला पहिली फिट आली. हातातली सुई तळव्यात घुसली तरी त्याला कळलं नाही. बापाच्या वेळचे लोक म्हणाले, खाडीवरचं वारं लागलं, भगताकडे न्या. मीपण तेच म्हटलं. सगुणा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन ठाण्याला गेली. डोक्याचा फोटो काढला. तिथल्यांनी तो बघून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथे मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होता, मराठीत बोलला. म्हणाला, "डोक्यात रक्ताच्या नळ्यांचा गुंता झालाय. जन्मापासूनच आहे, आजवर त्रास दिला नाही एवढंच. फुटला तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो."

"कापून काढा," मी म्हटलं.

"फार खोल आहे, आजी. चाकू घातला तर वाचा जाईल, उजवा हातही जाईल कदाचित." मला आजी म्हणाला, तेव्हा मी पन्नाशीची पण नव्हते. पण त्या दिवशी मला रागसुद्धा आला नाही. मग त्याने सांगितलं की आता एक नवीन मशीन आलंय. दोनशे बारीक किरण, सगळ्या बाजूंनी येऊन त्या एकाच जागी मिळतात. एकेकट्या किरणाने काही होत नाही, सगळे मिळतात तिथेच काय ते होतं. चिरफाड नाही, टाके नाहीत.

नाथाने विचारलं, "म्हणजे गुंता सोडवायचा नाही, तिथल्या तिथे सुकवायचा?"

"अगदी बरोबर. पण सुकायला वेळ लागतो. दोन वर्षं धरा. आणि तोवर फुटायचा धोका आज आहे तेवढाच राहणार."

मला वाटलं, हा कसला उपचार. आज करायचा आणि दोन वर्षं जीव मुठीत धरून बसायचं. सगुणाने फक्त विचारलं की दोन वर्षं काय काय करायचं नाही. डॉक्टरने बोटावर सांगितलं. पाण्यात जायचं नाही. उंचावर चढायचं नाही. विस्तवापाशी एकट्याने बसायचं नाही. आणि फिटची गोळी, सकाळी एक, रात्री एक, एकही चुकवायची नाही. चुकली तर फिट केव्हा येईल ते कुणी सांगू शकत नाही. सगुणा ऐकताना ओठ हलवत होती. पाठ करत होती ती.

पैशाचं कसं जमलं ते सांगत बसत नाही, ती रड घरोघरची आहे. नारळी पुनवेच्या आधी आठवडाभर त्याचा नंबर लागला. सकाळी त्याच्या कपाळाला दोन आणि डोक्यामागे दोन सुया टोचून जागा बधिर केली आणि धातूची चौकट डोक्याला स्क्रूने आवळून बसवली. मी बघितलं आणि बाहेर जाऊन रडले. सगुणा तिथेच उभी राहिली. मी परत आत आले तर नाथा मला हसून म्हणाला, "बाय, चिंबोरीच्या पिंजऱ्यात डोकं अडकलंय बघ." मग फोटो काढले, हिशेब केले, आणि दुपारी त्याला त्या मशीनमध्ये सरकवलं. दार बंद झालं. सगुणा बाहेरच्या बाकावर त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, "खाली ठेव गं, कोण नेतंय त्या." तिने ठेवल्या नाहीत.

तासाभराने तो बाहेर आला, चहा मागितला. दुसऱ्या दिवशी घरी. कपाळावर दोन टिकल्यांएवढ्या खपल्या, बाकी काही नाही. आळीतली माणसं मोठं बँडेज बघायला आलेली, त्यांची निराशा झाली. शेजारची रंभा म्हणाली, "एवढंच?" तिथेच सगळं बिघडलं असं मला आता वाटतं. टाका दिसला असता, व्रण दिसला असता, तर माणसांनी दम धरला असता. दिसत काहीच नव्हतं, म्हणून कुणाला खरं वाटेना. अर्धी आळी म्हणायची, बरा झालाय. अर्धी म्हणायची, काही झालंच नव्हतं. दुखणं दिसत होतं फक्त सगुणाला.

तिने होडी आमच्या चुलतभावाला, महिपतला चालवायला दिली. टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. खडवलीच्या बाईने बोली कशी करायची ते माझ्याच बाजारात उभं राहून बघून शिकून घेतलं, मी काही शिकवलं नाही. नाथाला स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगच्या गेटवर बसायचं काम मिळालं. खाकी शर्ट, हातात वही, आलेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे. ज्याने भरतीचं पाणी नुसतं वासावरून ओळखलं, तो माणूस खुर्चीवर बसून स्कूटरचे नंबर लिहितोय. मी तिथून एकदा गेले आणि पुन्हा ती वाट धरली नाही.

घरात तिने दाराच्या मागच्या बाजूला रेघा ओढायला सुरुवात केली. तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचा आणि गोळी गिळली की एक रेघ. सकाळची एक, रात्रीची एक. दार भरलं तेव्हा चौकटीवर, मग भिंतीवर. नाथा आंघोळीला गेला की मोरीची कडी लावू द्यायची नाही आणि ही बाहेर पाटावर बसून राहायची. दिवसातून वीस वेळा विचारायची, "डोकं दुखतंय का?" त्याने एकदा ताट भिरकावलं. म्हणाला, "दुखत नाही, तू विचारतेस म्हणून दुखतं." तिने भात गोळा केला, दुसरं ताट वाढलं, आणि जेवण झाल्यावर गोळी पुढे धरली.

त्या दोन वर्षांत ती निम्मी झाली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. आता सगळं दिसतं मला, पण तेव्हा मी माहेरी जायचे ती भांडायलाच.

"माझ्या भावाचं बाहुलं करून ठेवलंस तू," मी म्हणायचे.

"बाहुलं तर बाहुलं, मालूबाय. घरात आहे ना."

"खाडीवरच्या माणसाला पाण्यापासून तोडलंस. तुला काय कळणार पाणी."

"मला पाणी नाही कळत. मला डॉक्टर काय म्हणाला ते कळतं."

असं आमचं चालायचं. ती आवाज चढवायची नाही, त्याचा मला जास्त राग यायचा. भांडायचं तर नीट भांडावं माणसाने.

आमच्या घराला एक मान आहे. नारळी पुनवेला खाडीत पहिला नारळ आमच्या होडीतून सुटतो. आजोबा सोडायचे, बाप सोडायचा, मग नाथा. सत्त्याण्णव साली तो नुकताच हॉस्पिटलातून आलेला, घरातच होता. अठ्ठ्याण्णव साली महिपतने सोडला आणि नाथा काठावर माणसांच्या मागे उभा राहिला. मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत होता. मी ते बघितलं, आणि मनाशी ठरवलं की पुढच्या साली काही झालं तरी याच्या हातून नारळ सुटणार.

नव्व्याण्णवच्या श्रावणात दोन वर्षं भरली. पुन्हा मुंबईला जाऊन डोक्याची तपासणी केली. मोठे डॉक्टर बघून नक्की काय ते सांगतील, रिपोर्टला पुढच्या मंगळवारी या, असं सांगितलं. पुनव त्याच्या आधी होती, गुरुवारी. मी राखी बांधायला बुधवारीच आले आणि उंबऱ्यातूनच सुरू झाले. "दोन वर्षं झाली ना? तुझ्याच डॉक्टरने सांगितलेली दोन वर्षं. उद्या नाथा होडीत बसणार."

"रिपोर्ट मंगळवारी आहे, बाय."

"पुनव मंगळवारपर्यंत थांबते का?"

तेवढ्यात नाथा आतून आला आणि म्हणाला, "मी जाणार, सगुणा." दोन वर्षांत पहिल्यांदा तो त्या आवाजात बोलला.  ती खाली बसली आणि म्हणाली, "जा. पण महिपत भावजी शेजारी पाहिजेत. आणि गोळी गिळूनच जायचं." एवढंच मागितलं तिने.

आता आमची रीत अशी की ज्याने नारळ सोडायचा त्याने आदल्या दिवेलागणीपासून तोंडात काही घालायचं नाही. पाण्याचा थेंब नाही. सगुणाला ते माहीत होतं. ती म्हणाली, देवीला गोळी चालते, औषधाला उपास नसतो. नाथा हो म्हणाला. जेवणवेळेला तिने त्याच्या हातावर गोळी ठेवली, पाणी दिलं. तो म्हणाला, "देवापुढे घेतो," आणि देवघरात गेला. मी तिथेच नारळ खवत बसलेले. त्याने गोळी तोंडात घातली नाही. अंगाऱ्याच्या डबीखाली ठेवली. वळला तर मी त्याच्याकडे बघत होते.

"बाय, नारळ सुटला की दोन्ही एकदम घेतो," तो हळूच म्हणाला. "एका दिवसाने काय होतंय? दोन वर्षांनी मान आलाय, उष्ट्या तोंडाने कसा सोडू?" लहानपणी चोरून गूळ खायचा तेव्हा जसा बघायचा तसा बघत होता.

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, देवीजवळच तर ठेवलीय. आणि वाटलं, आता बोलले तर सगुणा त्याला होडीत चढू देणार नाही. सणाच्या घरात भांडण नको म्हणून मी नारळ खवत राहिले. बाहेर सगुणाने चुन्यात बोट बुडवून भिंतीवर रेघ ओढली. सकाळी परत तेच झालं. गोळी डबीखाली, रेघ भिंतीवर. मी त्याला राखी बांधली, करंजी पुढे केली, तर म्हणाला, आल्यावर.

दुपारी भरती लागली. होड्यांना पताका लावलेल्या, बँड वाजत होता, सगळी आळी काठावर. नाथाने पांढरा शर्ट आणि लाल टोपी घातलेली. होडी मध्ये गेली तेव्हा तो उभा राहिला, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगुणाला कोपराने ढोसलं, बघ म्हटलं.

मला त्याचा उजवा हात झटकलेला दिसला. मग तो नारळासकट पाण्यात गेला.

आमच्याकडे नारळ पडला की तो काढायला पोरं उड्या मारतात. दर वर्षी. त्यामुळे काठावर सगळ्यांनी शिट्ट्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या. दोन वर्षं गेटवर बसलेला नाथा स्वतःच नारळामागे उडी मारतो म्हटल्यावर माणसं खूश झाली. महिपतसुद्धा होडीत हसत होता. बाकीच्या होड्यांतून चार-पाच जणांनी उड्या टाकल्या. एकजण नारळ घेऊन वर आला, हात उंच केला, बँडवाल्यांनी जोर धरला.

सगुणा मला म्हणाली, "मालूबाय, त्यांनी उडी नाही मारली." ओरडली नाही, मला सांगितलं. मग ती चालायला लागली. जी बाई पंधरा वर्षांत खाडीत घोट्यापर्यंत उतरली नव्हती ती साडीसकट पाण्यात शिरली, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. माणसांना वाटलं, आनंदाने शिरली. मी ओरडत होते, पण बँडपुढे माझ्याही तोंडाचं काही चाललं नाही. कळेपर्यंत उशीर झाला. ओहोटी लागल्यावर तो तिवरांच्या मुळांत सापडला. राखी हातात तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी देवघरात जाऊन अंगाऱ्याची डबी उचलून बघितली. खाली काही नव्हतं. उंदराने नेल्या असतील म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी कुणाला बोलले नाही. सगुणानेही मला एका शब्दाने दोष दिला नाही. माणसं म्हणाली, डोक्यातलं फुटलं असणार. मीपण मान हलवली. दिवसकार्यापर्यंत तिथेच राहिले, स्वयंपाक केला, आल्यागेल्याचं बघितलं.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सगुणा म्हणाली, "मला रिपोर्ट आणायचाय. याल बरोबर?" मी म्हटलं, आता कशाला. ती म्हणाली, "दोन वर्षं मी त्यांना कोंडून ठेवलं. ते कशासाठी, ते मला कळायला पाहिजे."

तोच तरुण डॉक्टर होता. फोटो उजेडाच्या काचेवर लावला आणि हसला. पहिला फोटो दाखवला, त्यात काळा गुंता. मग नवीन दाखवला, तिथे काही नाही. "पूर्ण बंद झालाय. आता फुटायची भीती नाही. जिंकलात तुम्ही. पेशंट कुठे आहे?"

"नाही आले," सगुणा म्हणाली. मग तिने विचारलं, "साहेब, हे बंद झालं तरी फिट येऊ शकते?"

"येऊ शकते. मेंदूला जुनी सवय असते ना. म्हणून तर गोळ्या अजून चालू ठेवायच्या, मी सांगेपर्यंत. चुकवल्यात का?"

"दोन चुकल्या. एक रात्रीची, एक सकाळची." तिने कनवटीतून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. दोन गोळ्या होत्या. एकीला अंगारा लागलेला होता.

डॉक्टर म्हणाला, "बरं, आता पुढे चुकवू नका. त्यांना घेऊन या एकदा." त्याने कागदावर पुढची तारीख लिहून दिली. तिने तो कागद घडी घालून पुडीबरोबर परत कनवटीला लावला, आणि आम्ही बाहेर आलो.  त्याच बाकावर मी बसले, जिथे ती चपला मांडीवर घेऊन बसलेली.

ती समोर उभी राहिली. "डबीखाली होत्या. त्याच संध्याकाळी मिळाल्या. तुम्ही तिथेच बसलेल्या होतात, बाय. तुम्ही बघितलेलं ना?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं बळ नव्हतं.

 ती म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही आलात की माझ्याशी भांडलात. मी सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशीपण भांडायचं होतं. मला सांगितलं असतं, की नाथाने गोळी घेतली नाही, आणि तुझ्या गोळीला काही अर्थ नाही, आणि तू खडवलीची. काहीही बोलल्या असतात. मी ऐकून घेतलं असतं आणि गोळी दिली असती."

मी तिचा हात धरायला गेले. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. घरी आल्यावर तिने फडकं ओलं केलं आणि भिंतीवरच्या शेवटच्या दोन रेघा पुसून टाकल्या. बाकीच्या ठेवल्या. मग मला म्हणाली, भात टाकते, जेवून जा.